हंगामाच्या बोलीवर आणलेलं मशीन

साखर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से कधी कमी पडत नाहीत. ऊस आत जातो, रस निघतो, साखर पोत्यात बसून गावोगाव निघून जाते आणि कारखान्याच्या मागं चिपाडाचा ढीग तेवढा राहतो. माझंही तसंच झालंय. कामं उरकली, माणसं रिटायर झाली, ढीग माझ्याकडं राहिला.

मी ऑफिसातला शिपाई, लक्ष्मण. माझी शाळा म्हणजे ऑफिसचा व्हरांडा आणि माझा बाक म्हणजे दारातलं स्टूल. त्या स्टुलावरून आतलं दिसतं, बाहेरचंही दिसतं. शिपायाला कुणी काही विचारत नाही, त्यामुळं ऐकायला भरपूर सवड!

आज एका मशीनचं सांगतो. बाहत्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या हंगामातलं. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी तोंडात घेतला नव्हता. आमचा कॉम्प्युटर म्हणजे हात-दीड हाताचा लोखंडी डबा. वर आकड्यांच्या बारीक दांड्या, उजव्या अंगाला हँडल. दांड्या सरकवून आकडा लावायचा, हँडल पुढं फिरवलं की बेरीज, मागं फिरवलं की वजाबाकी. उत्तर खालच्या खिडकीत.

तेवढ्या एका डब्यानं आम्हाला हंगामभर पुरेल एवढी करमणूक दिली.

*

मशीन मागितलं बबनरावांनी. बबनराव आमच्या काट्यावरचे कारकून. काटा म्हणजे गाड्यांचं वजन करायचा. भरली गाडी मोजायची, ऊस उतरला की रिकामी मोजायची, मधलं वजन उसाचं. माणूस तिसगावकडचा, अंगानं काडी, स्वभावानं साखर. पण त्यांना दमा होता. यार्डात शेकडो बैलगाड्यांचा धुरळा, वर भुशाची बारीक कुसळं. दुपार झाली की बबनरावांच्या छातीत बासरी वाजायला लागायची. हंगाम संपेपर्यंत माणूस निम्मा व्हायचा.

त्यांनी चेअरमनसाहेबांना गाठलं. "साहेब, पुण्याला हिशेबाची मशीनं मिळतात. एक आणा. सगळ्या सभासदांच्या वजनाचे तक्ते मी एकटा ऑफिसात बसून करतो."

चेअरमनसाहेब म्हणजे मोठा बागाईतदार माणूस. धोतर, फेटा, तरुणपणी तालमीत घुमलेलं शरीर. त्यांनी पुण्याचा एजंट बोलावला. एजंटानं मोटारीतून दोन मशीनं आणली. एक मोठं, विजेवर चालणारं. एक लहान, हँडलचं.

आमचे हेडक्लार्क वामनराव मूळचे पुण्याचे. त्यांना मशीन ही कल्पनाच पसंत नव्हती. "घ्यायचंच असेल तर मोठं घ्या," ते म्हणाले. "निदान टेबलावर शोभेल तरी!"

एजंटानं मोठ्याची वायर भिंतीत खोचली आणि त्याच क्षणी लाईट गेली.

"येईल आत्ता," वामनराव म्हणाले.

एजंटानं चहा घेतला, पान खाल्लं. लाईट काही आली नाही. तेवढ्यात चेअरमनसाहेब उठले आणि लहान मशीनच्या भोवती एक फेरी मारून आले. पाठीवर थाप मारली. वाकून खालून पाहिलं. मग एजंटाला म्हणाले, "दात दाव."

एजंट गोंधळला. बबनरावांनी त्याला खुणावलं. त्यानं झाकण उघडून आतली दात्यांची चाकं दाखवली. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं. "दात नवे हायेत. मारकुटं न्हाई ना?"

"नाही साहेब," एजंट म्हणाला. बिचारा पुण्याचा, पण हुशार निघाला!

"मग आमच्या रिवाजानं. हंगामभर जुंपून बघनार. चाललं तर ठिवनार, न्हाई चाललं तर दाव्यासकट माघारी."

मग बबनरावांकडं वळले. "आनि बबन, हाकनार तू. गुढीपाडव्याआधी समदे तक्ते तयार झाले, तर तू हितं टेबलावर. न्हाई झाले, तर मशीन पुन्याला आनि तू काट्यावर."

"चालेल साहेब," बबनराव म्हणाले. बोलता बोलता बासरी वाजलीच.

*

मशीन आलं आणि चार दिवसांवर दसरा. खंडेनवमीला कारखान्यात पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्याची पूजा होते. ऑफिसात आजवर दौत-टाक पुजले जायचे. त्या साली वामनराव म्हणाले, "आलंय घरात, तर त्याचीही करू. उगाच राग नको."

वामनरावांची पूजा म्हणजे हात राखून नसते. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, उसाचं कांडं ठेवलं, मग मंत्र म्हणत ओंजळभर अक्षता! बबनराव "अहो, अहो" म्हणेपर्यंत तांदूळ दांड्यांच्या फटींतून आत.

दसऱ्याची सुट्टी उरकून आल्यावर बबनरावांनी हँडल धरलं. ते निम्म्यात थांबलं. पुढं जाईना, मागं येईना. बबनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. अजून बॉयलर पेटला नव्हता आणि बैलानं बसकण मारली होती!

मी वर्कशॉपमधून इस्माईलभाईंना बोलावून आणलं. फिटर माणूस, मोठमोठ्या मिलचे रोलर उघडणारा. त्यांनी टेबलावर धोतराचं जुनं पान अंथरलं, मशीन उताणं केलं आणि बारीक चिमट्यानं एकेक दाणा बाहेर काढायला लागले. हळदीनं पिवळे झालेले दाणे, थोडं कुंकू, झेंडूच्या दोन पाकळ्या.

वामनराव लांबून बघत होते. "लागलं का काही हाताला?"

इस्माईलभाई मान वर न करता म्हणाले, "साहेब, हिशेबात घोळ असत्यात हे ऐकून होतो. नैवेद्य पैल्यांदाच बघतोय!"

*

मशीनला एक घंटी होती. वजाबाकीत जेवढं आहे त्याहून जास्त काढायला गेलं की आतून टिंग करून वाजायची. भागाकारात तर वाजायचीच वाजायची.

आता अडचण अशी, की वामनरावांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी होती. तिचा आवाज हुबेहूब तोच.

टिंग! मी वामनरावांसमोर हजर. "काय साहेब?"

"मी नाही वाजवली."

स्टुलावर येऊन बसतो, तोवर टिंग! "काय साहेब?"

"अरे, नाही वाजवली म्हटलं ना! त्या बबनचं दळण चाललंय."

वामनराव त्याला दळणच म्हणायचे. हँडल फिरताना जात्यासारखी घरघर व्हायची ना! सकाळी आले की पहिलं वाक्य, "काय बबन, किती पायली झालं?" बबनराव नुसते हसायचे आणि फिरवत राहायचे. तक्त्यांचा गठ्ठा एवढा होता की हसण्यापलीकडं वेळ काढणं परवडणारं नव्हतं.

एक दिवस टिंग वाजलं. मी म्हटलं, दळण. परत टिंग. दळण. परत टिंग, टिंग, टिंग. मी मनात म्हटलं, आज बबनरावांचा भागाकार मोठा दिसतोय!

वामनराव स्वतः दारात आले. हातात रिकामा तांब्या.

"काय लक्ष्मणराव, येता का?"

"साहेब, मला वाटलं मशीन वाजतंय."

"असं? बरं झालं सांगितलंस." ते सरळ बबनरावांच्या टेबलाशी गेले, तांब्या मशीनसमोर ठेवला आणि म्हणाले, "एक तांब्या गार पाणी आण. हा झोपलाय!"

*

हंगाम भरात आला. गाड्यांची रीघ लागली आणि वजनाच्या चिठ्ठ्यांचे ढीग बबनरावांच्या टेबलावर यायला लागले. मशीन जोरात पळायला पाहिजे होतं. जो भेटेल तो त्यावर उपाय सांगायचा. कुणी म्हणायचं, हँडलला कापड गुंडाळा, हात सरकतो. कुणी म्हणायचं, खाली पाट ठेवा, उंची आली की जोर लागतो. बबनराव सगळ्यांचं ऐकायचे आणि सगळं करायचे. गरजवंत माणूस, दुसरं काय करणार!

एजंटानं दिलेली तेलाची बाटली संपली. नवी पुण्याहून यायला वेळ. बबनरावांनी घरून आणलेलं खोबरेल तेल घातलं. आणि खरं सांगतो, मशीन लोण्यासारखं पळालं! हँडल फिरलं की ऑफिसात वेणी-फणीचा वास. वामनराव म्हणाले, "आता एक गजराही घाला."

पण पौषातली थंडी पडली. आमच्या भागातली थंडी कोरडी असते, हाडात शिरते. सकाळी बबनराव आले, हँडल धरलं, तर मशीन दगड! पुन्हा इस्माईलभाई आले. त्यांनी फटीतून आत पाहिलं, वास घेतला आणि हसायला लागले. तेल थिजलं होतं!

"उन्हात ठिवा," ते म्हणाले. "इतळलं की पुसून काढतो. पर पुन्यांदा डोक्याचं तेल मशीनला घालू नगा."

मी मशीन उचललं आणि व्हरांड्यात माझ्या स्टुलाशेजारी उन्हात ठेवलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी ऊन खात बसलो. नेमकी तेव्हाच चेअरमनसाहेबांची जीप आली.

आत बबनरावांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. कामाच्या ऐन वेळेला मशीन बाहेर बसलेलं दिसलं, म्हणजे संपलंच की!

साहेब पायरीवर थांबले. "लक्षुमन, हे भाईर का बसलंय?"

मला जे सुचलं ते बोललो. "साहेब, थंडीचं आंग धरतं त्याचं. थोडं कवळं ऊन लागलं की दिसभर चांगलं पळतंय."

साहेबांनी मशीनकडं पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाले आणि म्हणाले, "माजंबी तसंच हाय."

आणि ते आमच्या शेजारी बसले! त्यांचं ऊन खाऊन होईपर्यंत तेलही सुटलं.

*

बबनरावांच्या मंडळींना वाटायचं, ह्या मशीनमुळं आपला माणूस धुरळ्यातून सुटलाय, त्याची आपण कदर केली पाहिजे. त्यांनी जुन्या लुगड्याची मऊ गोधडी शिवली, मशीनच्या मापाची. चारी बाजूंनी लाल काठ. हँडलसाठी वेगळं टोपडं!

बबनरावांनी लाजत लाजत ती मशीनवर घातली. वामनरावांनी चष्मा वर केला.

"बबन, कितवा महिना?"

ऑफिस हसलं. बबनरावांचे कान लाल झाले. पण गोधडी त्यांनी काढली नाही. मी पुढं बरेच दिवस पाहिलं, ऑफिसात कुणी नसलं की वामनराव स्वतः उठून ती गोधडी सारखी करायचे. टोपडं नीट बसलंय का तेही बघायचे. मी पाहिलं हे त्यांना कळलं, तेव्हा म्हणाले, "धूळ बसली की घंटी जास्त वाजते. माझ्या कानाला त्रास होतो."

*

कारखान्याची लांबच्या गावांतून गट ऑफिसं होती. तिकडच्या शेतकऱ्यांना आपल्या वजनाचा मेळ लागत नव्हता, तेव्हा बबनराव मशीन घेऊन स्वतः गेले. बरोबर मी. सुतारानं मशीनसाठी लाकडी पेटी केली होती, वर पितळी कडी. एस.टी.तून उतरलो आणि पेटी हातात धरून गावात शिरलो.

पारावर म्हातारे बसले होते. एकानं विचारलं, "आज कुनाकडं भजन हाय?"

"भजन न्हाई बाबा, हिशेब हाय," मी म्हटलं.

त्यांना ती थट्टा वाटली. पेटी आली म्हटल्यावर भजन आलंच! आम्ही गट ऑफिसात पोचेपर्यंत मागं बारा-पंधरा माणसं. एकानं पखवाजवाल्याला निरोपही धाडला. बायांनी पोरांना पुढं बसवलं. बबनरावांनी पेटी उघडून मशीन काढलं, गोधडी बाजूला केली, आकडे लावले आणि फिरवायला सुरुवात केली. घर्रर्र, घर्रर्र.

मंडळी शांत ऐकतायत. कुणी कुणाकडं बघंना. पखवाजवाला येऊन बसला, त्यानं कान देऊन ताल धरायचा प्रयत्नही केला.

मग वजाबाकी चुकली आणि घंटी वाजली. टिंग!

पुढं बसलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "आता लागली पट्टी!"

*

माघात एक दिवस बबनरावांच्या जागी काट्यावर बसवलेला कारकून आजारी पडला. बबनरावांना दोन दिवस यार्डात जावं लागलं. हा काही किस्सा नव्हे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ऑफिसच्या पायरीपर्यंत आले आणि पायरीवरच बसले. बोलता येईना. हातानं खूण करत होते, पाणी.

मी पाणी आणायला पळालो. परत आलो तर वामनराव त्यांच्या शेजारी पायरीवर बसले होते. ते कधी पायरीवर बसलेले मी पाहिले नव्हते. पाठीवरून हात फिरवत होते आणि रागावत होते. "तोंडाला रुमाल बांधायला काय झालं होतं? अक्कल नाही. दळण पडलंय तिकडं एवढं, ते कोण करणार? मी?"

दुसऱ्या दिवशी बबनराव आले नाहीत. त्या दिवशी ऑफिसात मशीनची घरघर मात्र ऐकू येत होती. मी दारातून पाहिलं. वामनराव जीभ दातात धरून हँडल फिरवत होते.

टिंग वाजलं. मी आत गेलो. "काय साहेब?"

"चालता हो!" ते म्हणाले.

*

पाडव्याआधी तक्ते झाले. सगळे. शेवटची गाडी हार घालून, वाजत गाजत आत आली आणि तिचं वजनही बबनरावांनी त्याच दिवशी तक्त्यात चढवलं.

मग संचालकांची मीटिंग भरली. मशीन ठेवायचं का पाठवायचं, हा विषय. मला हाक आली. मी उजव्या हातात पेटी धरली, डाव्या हातात चहाची किटली, आणि दार पायानं लोटून आत गेलो. पेटी टेबलावर ठेवली. बबनराव कोपऱ्यात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. वामनराव त्यांच्या शेजारी, कागद घेऊन.

चेअरमनसाहेबांनी तक्ते पाहिले. सह्या पाहिल्या. "बबन," ते म्हणाले, "बैल चांगला निघाला. मशीन ठिवा."

बबनरावांनी डोळे मिटले. मी त्यांना हंगामात पहिल्यांदा पोटभर श्वास घेताना पाहिलं.

तेवढ्यात एक संचालक बोलले. माणूस वाईट नव्हे, पण कामाचा फार. "साहेब, एक सुचवू का? आत्ता लक्षुमननं एका हातात आनलं की हे! दुसऱ्या हातात किटली व्हती. एवढं हलकं हाय, तर हितं टेबलावर कशाला? काट्यावरच ठिवू. गाडी मोजली की तिथल्या तिथं हिशेब. चिठ्ठ्या आनायच्या, न्यायच्या, समदं वाचंल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. चुकीचं काहीच नव्हतं त्यात.

"हां," चेअरमनसाहेब म्हणाले. "बरोबर हाय. मग बबन, फुडच्या हंगामाला मशीन घेऊन तू काट्यावर."

"व्हय साहेब," बबनराव म्हणाले. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. छातीतली बासरी मात्र खोलीभर ऐकू आली.

वामनरावांनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"साहेब, नेण्याआधी उचलून बघावं म्हणतो," ते म्हणाले. "नंतर तक्रार नको."

ते पुढं आले. पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली. चेहरा लालबुंद झाला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, मानेच्या शिरा फुगल्या. मग हात सोडून मागं झाले आणि धापा टाकत म्हणाले, "छे! नाही उचलत."

सुचवणारे संचालक म्हणाले, "अहो, पर आत्ता तर..."

"लक्षुमन," चेअरमनसाहेब म्हणाले, "तू उचल."

मी किटली खाली ठेवली. टोपी सारखी केली. पितळी कडीत दोन्ही हात घातले, पाय फाकवले आणि दम घेतला.

"न्हाई उचलत, साहेब."

संचालक खुर्ची मागं सारून उठले. "सरा, मी बघतो."

"बस खाली," चेअरमनसाहेब म्हणाले.

ते स्वतः उठले. फेटा काढून खुर्चीवर ठेवला. बाह्या मागं सारल्या. तळहात एकमेकांवर घासले, तालमीत घासतात तसे. मग पेटीची कडी एका हातानं धरली. पेटी टेबलापासून बोटभर वर आली. मी पाहिली. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिली. साहेबांनी ती हळूच परत खाली ठेवली, कोपऱ्यात उभ्या बबनरावांकडं एकवार बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला. घाम नव्हताच.

"लई जड हाय गड्या," ते म्हणाले. "हितंच राहू द्या."